कोल्हापूर : खाणीतून उभे राहिलेले नगर

कन्नडहून संभाजीनगराकडे निघालेला प्रवासी वाटेत वेरूळास उतरतो, कैलास लेण्यापुढे उभा राहतो, आणि त्याच्या मनात पहिला प्रश्न बहुधा हाच येतो की, हे देऊळ बांधले तरी कसे? खरे पाहू गेल्यास ते बांधलेलेच नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी, आठव्या शतकात, पाथरवटांनी डोंगराच्या माथ्यापासून खाली खोदत येऊन नको तेवढा दगड काढून टाकला. उरले ते देऊळ. त्याच काळ्या दगडाच्या प्रदेशात, महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाशी, याच्या नेमके उलट घडले असे सांगणारे एक नगर आहे. तेथे पाथरवटांनी जमिनीतून दगड काढला, दुसरीकडे नेऊन रचला व त्याचे देऊळ केले. आणि जो खड्डा मागे राहिला त्यात पाणी भरून तलाव झाला. ते नगर म्हणजे कोल्हापूर, ते देऊळ अंबाबाईचे, आणि तो तलाव रंकाळा.

तलावाकाठची राजधानी म्हटली म्हणजे सामान्यतः उदेपूरचे नाव पुढे येते. तेथे पिछोला सरोवर आधीचे. त्याच्या काठी सोळाव्या शतकात महाराणा उदयसिंहाने नगर वसविले, १६५१ मध्ये जगदीशाचे मंदिर झाले आणि पुढे पाण्याच्या मध्यभागी महालही उभे राहिले. पाणी पाहून राजा तेथे आला, असा तेथील क्रम आहे. कोल्हापुरात राजा फार उशिरा आला. आधी देवी, मग पाणी, आणि सर्वांत शेवटी राजवाडा. हा क्रम ध्यानात ठेवला म्हणजे त्या नगरातील इमारती वाचावयास सोप्या जातात.

रंकाळा ही मूळची दगडाची खाण, आणि देवळाचा दगड तिच्यातला, अशी स्थानिक परंपरा आहे. भूकंपाने खाणीचा तळ हलला, झरे फुटले व ती पाण्याने भरली, असेही जुनी माणसे सांगतात. रंकभैरव नावाच्या देवावरून तलावाचे नाव पडले. याला लेखी पुरावा मागू नये. परंतु देवळापासून पायी थोड्या अंतरावर एवढा मोठा खोलगट भाग आहे आणि देवळात एवढा मोठा दगड आहे, हे दोन्ही डोळ्यांनी दिसते. तलावाच्या काठच्या नंदीविषयी तर एक गंमतीची समजूत आहे. तो नंदी रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो. ज्या दिवशी तो पाण्यापर्यंत पोहोचेल त्या दिवशी प्रलय. गहू तांदळापेक्षा किती मोठा याचा हिशेब शाळेतील मुलांनी अवश्य करून पाहावा. पाण्यातच संध्यामठ नावाची एक दगडी वास्तू आहे. पाणी उतरले की ती वर दिसू लागते.

देऊळ बांधून त्याच्याजवळ तलाव करावा, किंवा तलाव करून त्याच्या काठी देऊळ उभारावे, ही या प्रांतातील जुनीच रीत होती. कोल्हापूरच्या शिलाहार राजांपैकी गंडरादित्य याने बाराव्या शतकाच्या आरंभी मिरजेच्या बाजूस गंडसमुद्र नावाचा तलाव करविला आणि त्याच्या काठी शिव, बुद्ध व जिन या तिघांचीही देवळे उभारली. पाण्याच्या एकाच काठी तीन धर्मांच्या देवांस जागा देणारा राजा आजच्या वाचकास थोडा नवलाचा वाटेल. त्या काळी तो तसा वाटला नसावा. अंबाबाईच्या आवारातही शेषशायी विष्णूपुढील मंडपाच्या छतावर जैन तीर्थंकरांच्या आकृती कोरलेल्या आहेत.

अंबाबाईच्या देवळास लोक सर्रास हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री. महादेव व रामचंद्र या राजांच्या कारकिर्दीतला, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. कोल्हापूरच्या शिलाहारांचा शेवटचा राजा दुसरा भोज याचा यादव सिंघणाने पाडाव केला तो त्याच शतकाच्या आरंभी. देवळाचा मूळ गाभा त्याहूनही जुना. तेव्हा हेमाद्रीने हे देऊळ बांधले, असे म्हणता येत नाही. परंतु ‘हेमाडपंती’ या शब्दाने लोकांना जी गोष्ट सांगावयाची असते, ती मात्र खरी आहे : घडीव दगड एकावर एक बसविलेले आणि सांध्यात चुना नाही.

चुना नाही तर दगड उभे कसे राहतात? त्याचे उत्तर वजनात आहे. प्रत्येक दगडाची बैठक इतकी सपाट घासलेली असते की, वरचे ओझे खालच्या दगडावर सारखे वाटले जाते. जेथे सरकण्याची भीती, तेथे एका दगडाला खुंटी व दुसऱ्याला खाच ठेवतात. वरचा भार जितका अधिक, तितका सांधा घट्ट. मात्र या पद्धतीला एक मोठी मर्यादा आहे. दगड दाबला तर सहसा फुटत नाही. पण दोन टोकांवर टेकवून मध्ये ओझे दिले तर लवकर मोडतो. लाकडाची तुळई वाकते आणि वाकण्याने इशारा देते. दगडाची तुळई इशारा देत नाही. म्हणून दगडी तुळया आखूड ठेवाव्या लागतात, आणि तुळया आखूड म्हणजे खांब जवळजवळ. अशा देवळात शिरल्याबरोबर खांबांच्या गर्दीत उभे राहिल्यासारखे वाटते आणि काळोख दाटून येतो, तो भाविकपणा वाढविण्याकरिता मुद्दाम योजिला असे पुष्कळ लेखक लिहितात. असेलही, परंतु आरंभ दगडाच्या स्वभावात आहे. छताचीही तीच गोष्ट. चार तुळयांचा चौकोन झाला की, त्याच्या चारी कोपऱ्यांवर तिरके दगड ठेवावयाचे. आत लहान चौकोन उरतो. त्यावर पुन्हा तसेच करावयाचे. असे दोन-तीनदा केले म्हणजे मध्ये एका शिळेने झाकण्याजोगी जागा राहते, आणि त्या शिळेवर कमळ कोरतात. पाहणाऱ्यास ती नक्षी वाटते. कारागिराची ती मुळात अंतर कमी करण्याची युक्ती होती.

बाहेरच्या भिंतींचा प्रकार निराळा. त्या सरळ नाहीत. कोनामागून कोन पुढे येत जातात आणि सगळा आकार चांदणीसारखा होतो. घरी मुलांनी पुठ्ठ्याचा एक चौकोन घ्यावा, मध्ये टाचणी टोचावी, कागदावर त्याची कड रेखावी, मग चौकोन थोडा फिरवून पुन्हा रेखावी. चार-सहा वेळा असे केले की, बाहेरच्या बाजूस जी दातेरी रेषा उमटते, तिच्यासारखीच या भिंतींची आखणी. काळ्या दगडावर बारीक नक्षी लांबून दिसत नाही. परंतु कोनांमुळे एक पट्टी उन्हात व शेजारची सावलीत अशी उभी रांग पडते आणि दिवसभर सूर्याबरोबर सरकत राहते. शिवाय प्रत्येक कोन हा भिंतीला दिलेला आधारच असतो. दोन मजल्यांचे हे देऊळ आहे : खाली देवी, आणि तिच्या गाभाऱ्याच्या बरोबर वर मातुलिंग नावाचे शिवलिंग. एवढे ओझे पेलावयाचे म्हणजे भिंतींना तसा आधार हवाच. वरची शिखरे मात्र मूळ देवळाबरोबरची नव्हेत, ती नंतरची. खालचा काळा घडीव पाषाण आणि वरची ती रंगविलेली शिखरे यांचे जमत नाही, हे सौंदर्यदृष्टी असलेल्या कोणासही पहिल्या दृष्टिक्षेपात कळून येते.

आता या देवळाच्या ज्या गोष्टीची कीर्ती सर्वत्र आहे, त्या किरणोत्सवाकडे वळावे. देवीचे मुख पश्चिमेस आहे. वर्षातून दोन वेळा, नोव्हेंबरच्या ९, १० व ११ तारखांना आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत येतात, गरुडमंडप ओलांडतात, एकामागून एक उंबरे पार करतात आणि मूर्तीच्या पायांवर पडून वर चढत जातात. एका दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख, असा क्रम सांगण्यात येतो.

दोनच वेळा का, हे समजणे कठीण नाही. सूर्य रोज एकाच ठिकाणी मावळत नाही. उन्हाळ्यात त्याचे मावळण्याचे स्थान उत्तरेकडे असते. मग ते दक्षिणेकडे सरकत जाते, २१–२२ डिसेंबरच्या सुमारास दक्षिणेच्या टोकास पोहोचते आणि तेथून परत फिरते. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत येणारा मनुष्य वाटेतील एका घरावरून दोनदा जातो. एकदा जाताना, एकदा येताना. १० नोव्हेंबरपासून त्या टोकाच्या दिवसापर्यंत एकेचाळीस-बेचाळीस दिवस भरतात, आणि तेथून १ फेब्रुवारीपर्यंत तितकेच. तेव्हा देवळाचा रोख थेट पश्चिमेस नसून पश्चिमेच्या थोडा दक्षिणेस असला पाहिजे, हे पंचांग उघडून घरबसल्याही काढता येते. देवी ज्या अंगास पाहते त्याच अंगास पुढे रंकाळा आहे, हेही येथे नमूद करण्याजोगे.

किरण चढतो का, हे मात्र थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. सूर्य वर असताना त्याचा किरण तिरका येऊन दाराजवळच्या फरशीवर पडतो. सूर्य जसजसा खाली जाईल तसतसा किरण आडवा होतो, त्यामुळे अधिक आत पोहोचतो. आणि अगदी क्षितिजाला टेकताना तो जवळजवळ सपाट होऊन समोरच्या मूर्तीवर वर वर जातो. याचा अर्थ असा की, देवीच्या मुखावर जो प्रकाश पडावयाचा तो सूर्याच्या अगदी शेवटच्या काही मिनिटांतला, क्षितिजाला चिकटलेल्या सूर्याचा. आणि नेमका तोच प्रकाश अडविणे सर्वांत सोपे. मूळ रचनाकाराने देऊळ उभारले तेव्हा पश्चिमेला जे मोकळे आकाश होते, तेथे आज महाद्वार रस्त्याची दाट वस्ती आहे. एखाद्या घरावर आणखी एक मजला चढला, पाण्याची टाकी बसली, किंवा झाडाची फांदी वाढली, की किरण चरणांपर्यंत येतो आणि तेथेच संपतो. हवेत दमटपणा व धूळ असली तरी तेच. काही वर्षी किरण मुखापर्यंत पोहोचतो, काही वर्षी पोहोचत नाही, याचे कारण दैवी कोपात शोधण्याची आवश्यकता नाही. वाटेतील अडथळ्यांची मोजणी व पाहणी झालेली आहे आणि ते दूर करण्याविषयी चर्चाही पुष्कळ झाली आहे. भिंत पडली तर पुन्हा रचता येते. देवळापासून कित्येक हात दूर असलेले आकाश हा देवळाचा भाग आहे, आणि तो भाग मात्र देवस्थानाच्या मालकीचा नाही, अशी ही अडचण आहे.

मधल्या काळात मूर्ती देवळात नव्हती. परचक्राच्या भीतीने ती लपवून ठेवण्यात आली होती. कोल्हापूरचे छत्रपती संभाजी यांच्या कारकिर्दीत, १७१५ मध्ये, तिची पुन्हा स्थापना झाली. १७३१ च्या वारणेच्या तहाने कोल्हापूरचे राज्य साताऱ्याहून वेगळे म्हणून मान्य झाले. त्या वेळी राजधानी पन्हाळ्यास होती. ती खाली कोल्हापुरात आली अठराव्या शतकाच्या अखेरीस.

आलेल्या राजाने घर कोठे केले, हे पाहण्याजोगे आहे. जुना राजवाडा देवळाला जवळजवळ लागून आहे, आणि त्याच्या आतही भवानीचे मंदिर आहे. भवानी मंडप हे नाव त्यावरूनच. ही वाड्याची पद्धत, चौकांची. चौकाभोवती दालने, लाकडी खांब, माणसांची सतत ये-जा. प्रवेशाशी दगडाचा उंच नगारखाना. तो बुवासाहेब महाराजांच्या काळचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. देवळातील नौबत राजवाड्यात ऐकू यावी आणि राजवाड्यातील नगारा देवळात ऐकू जावा, इतके ते दोन्ही जवळ. राज्य देवीचे आणि राजा तिचा कारभारी, ही कल्पना नगररचनेत याहून स्पष्ट मांडता आली नसती.

नवा राजवाडा मात्र नगर सोडून उत्तरेस, कसबा बावड्याच्या वाटेवर गेला. या राजवाड्याची कथा चमत्कारिक रीतीने इटलीत सुरू होते. छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परत येत असता ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे वारले. वय अवघे वीस वर्षांचे. आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले आणि १८७४ मध्ये तेथे एक छत्री उभारण्यात आली. ती आजही आहे, आणि आसपासच्या भागास त्या ‘हिंदी माणसा’चेच नाव पडले आहे. या छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी अभियंत्याचा. कोल्हापूरचे नगरभवन, म्हणजे १८७२ ते १८७६ या काळात बांधलेला टाऊन हॉल, हेही त्याचेच काम. त्यात पुढे वस्तुसंग्रहालय झाले, आणि पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली ग्रीकांच्या समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती तेथे आली. समुद्रापासून घाट ओलांडून आलेल्या गावाला सातवाहनकाळी कोणा व्यापाऱ्याने ती आणली असावी.

मँटने नव्या राजवाड्याचा आराखडा केला. काम १८७७ ते १८८४ पर्यंत चालले आणि सुमारे सात लक्ष रुपये लागले. मँट स्वतः १८८१ मध्येच वारला. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडाही त्याच्याच हातचा आणि तोही त्याच्या पश्चात दुसऱ्याने पुरा केला. कोल्हापूरचा राजवाडा पुरा झाला त्याच वर्षी, १८८४ मध्ये, कागलच्या घाटगे घराण्यातील दहा वर्षांचा मुलगा दत्तक येऊन गादीवर बसला. तेच पुढे राजर्षी शाहू महाराज. म्हणजे ज्या काळात ही वास्तू आखली व बांधली गेली, त्या काळात कारभार चालविणारा प्रौढ छत्रपती गादीवर नव्हता. राज्य इंग्रजांच्या देखरेखीखाली होते. वास्तूत त्याची खूण आहे. अष्टकोनी बुरूज, गुजरातेच्या व राजस्थानच्या धर्तीच्या छत्र्या आणि कमानी, घुमट, आणि या सर्वांच्या मध्यभागी विलायती मनोरा व त्यावर घड्याळ. जुन्या राजवाड्यात वेळ नौबत सांगत असे. नव्यात ते काम घड्याळाने घेतले. या मिश्र पद्धतीला इंग्रज लेखकांनी ‘इंडो-सारासेनिक’ असे नाव दिले आहे. नाव मोठे आहे. अर्थ इतकाच की, शरीर विलायती आणि वस्त्रे हिंदी.

असे असले तरी या राजवाड्यास नुसती नक्कल म्हणून बाजूस सारणे योग्य होणार नाही. दगड तोच आहे, दख्खनचा काळा पाषाण, परंतु त्याच्याकडून काम निराळे घेतले आहे. देवळात दगड आडवा टाकला होता. येथे तो कमानीत बसविला. कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबतो, आणि दाब सहन करणे हा तर दगडाचा गुणच. त्याच्या जोडीला ओतीव लोखंडाचे कोयरे आले. म्हणून दरबार हॉलमध्ये दोन मजल्यांइतकी उंची व मधोमध मोकळी जागा मिळाली. देवळाच्या मंडपात जेथे चार खांब आले असते, तेथे एकही नाही. खिडक्यांच्या रंगीत काचांत शिवचरित्रातील प्रसंग आहेत. काचेची कला विलायती, प्रसंग मात्र रायगड-पन्हाळ्याचे. या एका ठिकाणी ते मिश्रण खरोखर साधले आहे. राजवाड्याच्या तळमजल्यावर आता शहाजी छत्रपती वस्तुसंग्रहालय आहे.

तिसरा महाल पुन्हा पाण्याकडे आला. रंकाळ्याच्या पश्चिम काठी १९३१ ते १९३४ या काळात शालिनी राजवाडा बांधला गेला. राजकन्या शालिनीराजे यांचे नाव त्यास दिले. काळा दगड आणि इटलीचा संगमरवर. पुढे काही वर्षे तेथे हॉटेल चालले. वास्तू म्हणून तो नव्या राजवाड्याच्या पंक्तीस बसत नाही. परंतु संध्याकाळी पूर्वेच्या काठावर उभे राहिले असता, त्याची आकृती पाण्यात उतरलेली दिसते आणि मागे सूर्य मावळत असतो, ते दृश्य कोणीही विसरणार नाही.

पाण्याविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे, कारण कोल्हापूर हे एका तलावाचे गाव कधीच नव्हते. कपिलतीर्थ, वरुणतीर्थ, रावणेश्वर, पद्माळा, कोटितीर्थ, अशी तळ्यांची माळ होती. आज कपिलतीर्थ ही भाजीची मंडई आहे. वरुणतीर्थावर गांधी मैदान आहे, आणि रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियममध्ये फुटबॉलचे सामने होतात. मंडई हवी होती, मैदानही हवे होते. गाव वाढले की, जागा कोठून तरी काढावी लागते, आणि तळे ही सर्वांत सोपी जागा, कारण तिच्यात कोणाचे घर नसते. नावे तेवढी टिकली. रंकाळा मोठा म्हणून वाचला. तरी सांडपाणी आणि केंदाळ यांच्याशी त्याची झुंज कित्येक वर्षे चालू आहे, आणि संध्यामठाचे दगड ढळू लागल्याची तक्रारही नवी नाही.

अंबाबाईच्या आवारातच एक कुंड होते, मणिकर्णिका नावाचे. ते बुजवून त्यावर बाग केलेली होती, आणि एका पिढीला तेथे कुंड होते हे वडीलधाऱ्यांच्या तोंडूनच ठाऊक होते. २०२१ च्या सुमारास तेथे खोदकाम झाले. मातीचे थर उपसले तसतशा दगडी पायऱ्या एकामागून एक उघड्या पडल्या.